फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली: विक्री होईपर्यंत काय करायचं आणि नंतर काय उरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चारचाकीचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं, म्हणजे एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं). तीन हप्ते बाउन्स झाले, चौथा तोंडावर आहे. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघे जण आले, धाकट्या भावाकडून चावी घेतली आणि गाडी घेऊन गेले. हातात एकही कागद नाही. आता फोनवर सांगतात की सगळं कर्ज एकरकमी भरा, नाहीतर गाडी लिलावात जाईल. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे कायद्यात बसतं का, गाडी परत मिळेल का, आणि विकलीच तर उरलेलं कर्ज अंगावर राहतं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक जण तिथेच गाफील राहतात. हो, राहतं. गाडी विकून कर्ज फिटलं नाही तर उरलेली रक्कम तुमच्याच नावावर असते. ‘गाडी घेतली ना, मग विषय मिटला’ हा समज इतका पक्का असतो की त्यानंतर आलेली पाकिटं लोक उघडतसुद्धा नाहीत. पुढे कधीतरी लवादाचा, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या त्रयस्थाचा, निवाडा दारात येतो, आणि गाडी कितीला, कोणाला, कधी विकली हे विचारायचीही वेळ निघून गेलेली असते.

माझ्याकडे येणारे लोक पहिल्या प्रश्नावर, म्हणजे गाडी नेली ते बरोबर की चूक यावर, सगळी ताकद खर्च करतात. त्याचं महत्त्व आहे, त्यावर पुढे बोलतो. पण आज तुमच्यासाठी महत्त्वाचे आहेत ते ताबा गेल्यापासून विक्री होईपर्यंतचे दिवस. विक्रीच्या आधी तुम्ही गाडी मागू शकता. विक्रीनंतर बहुतेक वेळा फक्त पैशांवरच भांडता येतं, तेही वर्षानुवर्षं.

याचा कायदेशीर पाया जुना आहे. आपली वाहनकर्जं बहुतेक हायपोथिकेशनची असतात, म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात आणि तिच्यावर तारणाचा हक्क कंपनीचा. कंपनीने ताबा घेतला की हा व्यवहार गहाणाच्या जवळ जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ नुसार गहाण वस्तू विकण्याआधी कर्जदाराला विक्रीची वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते. विक्रीतून पैसे कमी आले तर फरक कर्जदाराने द्यायचा, जास्त आले तर वरचे पैसे त्याला परत करायचे. कलम १७७ तुमच्या जास्त उपयोगाचं आहे: वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत पैसे भरून ती सोडवून घेता येते. हप्ते थकल्यामुळे झालेला खर्च मात्र सोसावा लागतो.

त्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. एनबीएफसींसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार ताबा घेण्याचं कलम करारातच असावं लागतं आणि त्यात काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: ताब्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती नोटीस कोणत्या परिस्थितीत वगळता येते, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत देण्याची पद्धत आणि लिलावाची पद्धत. कर्जदाराला कराराची प्रत द्यायची असते, आणि पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत करायचा असतो. तुमच्याकडे प्रत नसेल तर आधी ती मागा. शोरूममध्ये गाडीच्या आनंदात पन्नास ठिकाणी सह्या केल्या जातात आणि त्यातलं एकही पान घरी येत नाही, हे मी रोज बघतो.

आता कामाला लागा. फोनवर बोलणं कमी करा, आणि जे बोलाल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. त्याला आणि शाखेला, दोघांनाही पाठवा. सोबत पोचपावतीसह स्पीड पोस्टही करा. मजकूर साधा ठेवा, साधारण असा:

‘माझ्या अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यातील अमुक क्रमांकाचे वाहन आपल्या प्रतिनिधींनी अमुक तारखेला अमुक ठिकाणाहून ताब्यात घेतले. मला ताब्यापूर्वी नोटीस मिळालेली नाही. वाहनाची यादी किंवा ताबापावतीही देण्यात आलेली नाही. थकबाकी भरून वाहन सोडवण्याची माझी तयारी आहे. कृपया आजच्या तारखेची थकबाकी, दंडात्मक शुल्क आणि ताबा घेण्याचा खर्च बाबनिहाय, तसेच संपूर्ण कर्ज फेडण्याची रक्कम वेगळी, लेखी कळवावी. कर्जकराराची प्रत, खात्याचा संपूर्ण उतारा, ताबा घेणाऱ्यांचे अधिकारपत्र, वाहनाच्या वस्तूंची यादी आणि वाहन ठेवलेल्या यार्डाचा पत्ता द्यावा. मला वाजवी पूर्वसूचना आणि पैसे भरण्याची शेवटची संधी दिल्याशिवाय वाहनाची विक्री करू नये.’

नोटीस खरोखर मिळाली असेल तर ‘मिळाली नाही’ असं लिहू नका. त्यांच्या फायलीत तुमच्या सहीची पोचपावती असेल तर त्या एका वाक्याने पुढचं सगळं प्रकरण ढिलं पडतं. घरी कोणी सही करून पाकीट कपाटावर ठेवलंय का, ते आधी विचारा.

या पत्रातलं ‘भरण्याची तयारी आहे’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. उद्या ग्राहक आयोगासमोर किंवा न्यायालयात तुम्ही विक्रीला स्थगिती मागाल, तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की पैसे भरायला तयार होतात का आणि ते कुठे दिसतं. शक्य असेल तेवढी रक्कम लगेच कर्जखात्यात जमा केलीत तर अजून बरं. वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका, त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच नाही.

किती भरायचं? कंपनी सांगते ते ‘सगळं कर्ज’ म्हणजे तिने कर्ज परत मागवलं आहे, ज्याला त्यांच्या भाषेत लोन रिकॉल म्हणतात. हप्ते चुकल्यावर असं करण्याची मुभा बहुतेक करारांत असते. तुमच्या करारात ते कलम असेल आणि रिकॉलची नोटीस रीतसर दिलेली असेल, तर फक्त थकीत हप्ते घेऊन गाडी द्याच असा आग्रह कायद्याच्या बळावर धरणं कठीण आहे. व्यवहारात मात्र तीनचार हप्ते थकलेल्या खात्यात कंपन्या थकबाकी आणि खर्च घेऊन गाडी सोडतात. यार्डात उभ्या गाडीची किंमत रोज उतरते, लिलावात भाव पडतो, आणि चालू कर्जदार त्यांनाही हवाच असतो. म्हणून आधी थकबाकीचाच प्रस्ताव द्या. तारीख आणि रक्कम घालून, लेखी.

आलेला हिशोब डोळे मिटून मान्य करू नका. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याबद्दल व्याजदरात ‘दंडव्याज’ मिसळता येत नाही. फक्त वाजवी ‘दंडात्मक शुल्क’ लावता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीवर आणायचं होतं. या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, हे केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे, तरी उताऱ्यात तो लावलेला दिसला तर हरकत घ्या. तुमचं कर्ज १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर त्यासोबत मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कं एकत्र दाखवणारा कागद, मिळालेलं असायला हवं. त्यात न दाखवलेलं कोणतंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. टोइंग, यार्डाचं भाडं, ‘सीझिंग चार्जेस’ या नावांनी जे लावतात, ते आधी पत्रकात आणि करारात शोधा, मग त्याची पावती मागा.

आता ताबा घेणं कायद्यात बसतं का ते बघू. इथे सोशल मीडियावर दोन टोकाची वाक्यं फिरतात. एक, ‘कोर्टाच्या आदेशाशिवाय कोणी गाडीला हात लावू शकत नाही’. दुसरं, ‘हप्ता चुकला की गाडी कंपनीचीच’. दोन्ही अर्धवट आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ओरिक्स ऑटो फायनान्स विरुद्ध जगमंदर सिंग या २००६ च्या निकालात म्हटलं की करारात ताबा घेण्याचा हक्क लिहिलेला असेल तर तो वापरण्यात मुळात बेकायदेशीर काही नाही. पाठोपाठ २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात त्याच न्यायालयाने वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि ताबा कायद्याने मान्य केलेल्या मार्गानेच घ्यावा असं बजावलं. सिटीकॉर्प मारुती फायनान्स विरुद्ध विजयालक्ष्मी या २०११ च्या निकालातही बळजबरीने गाडी उचलणं मान्य केलं नाही. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वसुली एजंटांकडून गाड्या हिसकावण्याला जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरवलं आणि संबंधित बँका व कंपन्यांना प्रत्येकी ५०,००० रुपये भरायला लावले.

हे निकाल वाचून हुरूप येतो, म्हणून १ ऑक्टोबर २०२० चा मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेश कुमार तिवारी हा निकालही वाचा. तो हायर-परचेसच्या, म्हणजे भाडेखरेदीच्या, व्यवहाराचा होता. ग्राहक मंचांनी कर्जदाराला मोठा दिलासा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ताब्यापूर्वी नोटीस हवी की नाही हे करारावर अवलंबून आहे, आणि करारात ती असूनही दिली नाही तर सेवेतली त्रुटी ठरू शकते, असं म्हणून नोटीस नीट न दिल्याबद्दल १५,००० रुपये भरपाई ठेवली. गाडी गेली, विकली गेली, आणि हातात आले पंधरा हजार. नोटिशीच्या एका मुद्द्यावर सगळी मदार ठेवणाऱ्या अशिलांना मी हा आकडा आवर्जून सांगतो.

तेव्हा तुमच्या बाबतीत दोन गोष्टी तपासायच्या: करारातली नोटिशीची मुदत पाळली का, आणि ताबा घेताना बळ किंवा धाक वापरला का. दुसरी गोष्ट पुराव्यावर चालते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून सचिवांना आजच लेखी अर्ज देऊन ते जपून ठेवायला सांगा. रखवालदाराच्या वहीत त्या तिघांची नोंद आहे का बघा. भावाकडून त्या सकाळचं सविस्तर लिहून घ्या. कोण काय बोललं, ओळखपत्र दाखवलं का, आणि त्याने कशावर सही केली का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘वाहन स्वेच्छेने जमा करत आहे’ असा छापील कागद पुढे करून घाईत सही घेण्याचा प्रकार नेहमीचा आहे. कर्जदार तुम्ही आहात, भाऊ नाही, त्यामुळे त्याच्या सहीने तुमची संमती आपोआप ठरत नाही. पण असा कागद असेल तर तो मला, किंवा जो वकील कराल त्याला, पहिल्याच दिवशी कळायला हवा.

वसुली एजंटकडे कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावं लागतं. थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून बदनामी, यांनाही. एजंटने केलेल्या गैरप्रकाराची जबाबदारी कंपनीवरच येते. ‘ती एजन्सी आमची नाही’ हे उत्तर चालत नाही.

पोलिसांत जावं का? मारहाण, धमकी, अडवणूक किंवा घरात घुसणं झालं असेल तर जरूर. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, बेकायदा अडवणुकीसाठी १२६ आणि गृहअतिक्रमणासाठी ३२९ आहे. पण गाडी चोरीला गेली अशी तक्रार करू नका. करारानुसार कंपनीने ताबा घेतला तर ती चोरी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने चरणजीत सिंग चढ्ढा प्रकरणात २००१ मध्येच म्हटलं आहे. शिवाय कंपन्या ताब्याच्या आधी आणि नंतर पोलीस ठाण्यात सूचनापत्र देतात. ठाण्यात जाऊन त्या पत्राची तारीख आणि वेळ बघून घ्या. कधी कधी ‘आधीचं’ पत्र नंतर पोचलेलं सापडतं.

कर्ज बँकेचं असतं तर मी थोडं वेगळं सांगितलं असतं. बँका सरफेसी कायदा, २००२ (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याचा कायदा) याखाली जाऊ शकतात, आणि त्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत. खातं थकीत म्हणून वर्ग व्हायला हवं, मग कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, तुमच्या हरकतीला १५ दिवसांत उत्तर, मग ताबा, आणि जंगम वस्तू विकण्याआधी ३० दिवसांची नोटीस. याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल तर हा कायदा लागूच होत नाही. एनबीएफसींना हा मार्ग २० लाखांपासून वरच्या कर्जांसाठीच आणि तोही मोठ्या कंपन्यांनाच खुला आहे. तुमचं कर्ज त्यापेक्षा बरंच लहान आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण करार, रिझर्व्ह बँकेची संहिता आणि बहुधा लवाद यांच्या भोवतीच फिरेल.

गाडीत राहिलेल्या वस्तूंचं आता. कंपनीचा हक्क गाडीवर आहे, डिकीतल्या लॅपटॉपवर किंवा तुमच्या औषधांच्या पिशवीवर नाही. काय काय होतं त्याची यादी करून लगेच पाठवा आणि यार्डात जाऊन वस्तू घेऊन या. जाल तेव्हा गाडीचे चारही बाजूंनी, टायरचे, बॅटरीचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. पुढे ‘गाडी खराब अवस्थेत होती म्हणून कमी किंमत आली’ असं म्हटलं जातं, तेव्हा हेच फोटो बोलतात.

गाडी सोडवणं जमणारच नसेल, तरी विक्रीवर लक्ष ठेवायचं आणि तिथेही तुम्हाला हक्क आहेत. विक्रीपूर्व नोटीस हवी. करारांत तिची मुदत बहुधा सात किंवा पंधरा दिवसांची असते. मूल्यांकन अहवाल मागा, किती बोली आल्या आणि कोणत्या पद्धतीने लिलाव झाला हे विचारा. बाजारभावाचा आधार म्हणून चालू विमा पॉलिसीतली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दाखवा. ती अंतिम किंमत नव्हे, पण तिच्या निम्म्यालाही न पोचणारी विक्री कंपनीला समजावून सांगावी लागते. आणि एक उपाय मी नेहमी सुचवतो: स्वतः गिऱ्हाईक आणा. ओळखीचा जुन्या गाड्यांचा व्यापारी जास्त किंमत द्यायला तयार असेल तर त्याची लेखी ऑफर कंपनीला पाठवा. तिने ती धुडकावून कमी दरात विकली, तर फरकाच्या रकमेवर तुमचा आक्षेप भक्कम होतो.

हिशोब कसा होतो ते कल्पित आकड्यांवर बघा. कर्जाची बाकी ४,१०,००० रुपये, दंडात्मक शुल्क ६,०००, टोइंग आणि यार्ड १४,०००, म्हणजे एकूण ४,३०,०००. गाडी २,८०,००० ला विकली तर १,५०,००० तुमच्या अंगावर. तीच गाडी तुमच्या गिऱ्हाइकाने ३,६०,००० ला घेतली असती तर ७०,०००. तीनचार दिवसांच्या धावपळीवर ऐंशी हजारांचा फरक पडतो. आणि गाडी ४,५०,००० ला गेली तर वरचे २०,००० तुमचे. ते कंपनी आपण होऊन आठवणीने देईलच असं नाही, मागावे लागतात. विक्रीनंतरचा अंतिम खातेउतारा मागताना खरेदीदाराने भरलेली रक्कम तुमच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा दाखवली, तेही तपासा. विक्री आणि जमा यांच्यात दोन महिने गेले असतील तर त्या काळाचं व्याज तुम्ही का द्यायचं?

लोक सगळ्यात जास्त विसरतात ती गोष्ट म्हणजे आरसी, गाडीचं नोंदणीपत्र. गाडी विकली गेली तरी आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच असता, जोवर नोंद बदलत नाही तोवर. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, मधल्या काळात गाडी चार जणांच्या हातांतून गेली असली तरी. ताबा घेतल्यावर आरसी स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१(५) खाली फॉर्म ३६ ने अर्ज करता येतो. त्याआधी आरटीओने तुमच्या नोंदणीच्या पत्त्यावर नोटीस पाठवायची असते. पत्ता बदलला असेल तर ती नोटीस तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून ताब्याची तारीख, वेळ आणि ताबा घेणाऱ्याचं नाव असलेलं पत्र तुम्ही स्वतः आरटीओला आणि विमा कंपनीला द्या. अपघात, ई-चलन किंवा त्याहून गंभीर काही घडलं तर त्या दिवशी गाडी तुमच्या ताब्यात नव्हती हे दाखवायला हा एकच कागद असतो. फास्टॅगही आजच बंद करा. गाडी कोणीतरी चालवतंय आणि टोल तुमच्या खात्यातून जातोय, असं होऊ शकतं.

तक्रार कुठे करायची, याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते, वकील लागत नाही. दंडात्मक शुल्क, एजंटचं वर्तन, कराराची प्रत न देणं अशा मुद्द्यांवर हा मार्ग चांगला चालतो. पण विक्री उद्या होणार असेल तर लोकपालाकडे थांबून उपयोग नाही.

तेव्हा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी तिकडे जावं लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागा: विक्री थांबवा, काही रक्कम भरून गाडी परत द्या. आयोग बहुधा थकबाकीचा मोठा भाग जमा करायला सांगतो, तेवढी तयारी ठेवूनच जा. करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक आयोगात येता येत नाही, हा कंपनीचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये फेटाळला आहे. गाडी टॅक्सी किंवा टेम्पो म्हणून चालवत असाल तर ‘व्यावसायिक हेतू’ची हरकत येते. ती स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावं लागतं. एकाच तक्रारीसाठी आयोग आणि लोकपाल दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, आयोगात गेलात की लोकपाल हात वर करतो.

लवादाची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. या नोटिसा बहुधा दुसऱ्या शहरातून येतात आणि लवाद कंपनीनेच नेमलेला असतो. पर्किन्स ईस्टमन या २०१९ च्या निकालापासून अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही, तरी तुमची हरकत लेखी नोंदवून ठेवा. निवाडा झालाच, तर तो हातात पडल्यापासून तीन महिन्यांत लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायचं असतं. पुढचे ३० दिवस न्यायालयाच्या मर्जीचे, त्यानंतर दार बंद. सुरक्षेसाठी दिलेले धनादेश बँकेत टाकले गेले, न वटता परत गेले आणि त्याबद्दल परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत पैसे भरायचे किंवा वकिलाकडून उत्तर द्यायचं. हप्त्यांचा ऑटो-डेबिट परत गेला तरी जवळपास तसाच गुन्हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली होतो, हे फार जणांना माहीतच नसतं.

वडील जामीनदार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे, आणि कंपनी आधी तुमच्यामागे लागली पाहिजे असं काही नाही. पण कंपनीच्या हलगर्जीपणामुळे तारणाची, म्हणजे गाडीची किंमत बुडाली, तर त्या किमतीइतकी जामीनदाराची जबाबदारी कमी होते. करार कायद्याचं कलम १४१. मूल्यांकन अहवाल मागण्याचं एक पत्र म्हणूनच त्यांच्या नावानेही पाठवा.

तडजोडीचा प्रस्ताव येईलच, विक्रीनंतर तर हमखास. दीड लाखाच्या जागी साठ हजार द्या असं म्हणतील. घ्यायला हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवं. त्यात खातेक्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख आणि ‘यानंतर कोणतीही बाकी राहणार नाही, लवादाची व धनादेशाची कार्यवाही मागे घेतली जाईल’ हे वाक्य हवंच. क्रेडिट अहवालात अशा खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं येतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढे गृहकर्ज मागताना ते आडवं येतं. पुढच्या दोनतीन वर्षांत घर घ्यायचं मनात असेल तर घासाघीस व्याज आणि शुल्कांवर करा, मुद्दल पूर्ण भरा आणि ‘क्लोज्ड’ नोंदीची अट पत्रात घाला. अहवालात चुकीची नोंद राहिली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे.